फाळक्यावरची थाप

मी आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट. सायन्स घेऊन पास झालो, तेही खलाशाच्या घरातून, आणि हे सांगताना मी मान खाली घालत नाही. चकवा, राखणदार, वेताळ... तुमच्या मासिकातल्या या सदरात लोक लिहितात ते मी वाचतो आणि मासिक मिटून हसतो. आज मीच लिहायला बसलोय. ज्यांना हसायचं त्यांनी खुशाल हसावं.

चार वर्षांपूर्वीचा मे महिना. पदवी घेऊन मी कचेरीत गेलो नाही, लॉरी चालवू लागलो, तेव्हा वाडीने तोंडात बोटं घातली. क्लीनरच्या जागी बायकोला बसवलं, तेव्हा उरलेलीही घातली.

पण फार मजेचे दिवस होते ते. हातखंब्यापुढच्या बागांतून आंब्याच्या पेट्या भरायच्या आणि मांडवीच्या बंदरावर आणून उतरवायच्या. वाटेत सड्याच्या माळावर एखाद्या झाडाखाली भाकरी आणि सुकट. चढ आला की द्वारका लॉरीला बैलासारखी चुचकारायची — "चल गो बाय, एवढाच चढ, मग उतारच आहे." आणि लॉरी चढायची. याचं कारण मला ठाऊक आहे. मी गिअर बदललेला असायचा.

आमचा एक नियम होता. गाडी मागे घ्यायची तर द्वारका मागे उभी राहणार. लॉरीच्या मागच्या फाळक्यावर दोन थापा म्हणजे येऊ दे, एक थाप म्हणजे थांब. तिची थाप पडल्याशिवाय चाक हलवायचं नाही. तिच्या थापेबरोबर हातातल्या बांगड्या खळकन वाजायच्या, त्यामुळे इंजिनाच्या आवाजातही ती मला कळायची.

माझे वडील, आबा, बंदरावर पडावाचे तांडेल. धक्क्यावरचा माल पडावात भरून ते बाहेर उभ्या आगबोटीपर्यंत पोचवत. सून लॉरीवर बसते हे त्यांना अजिबात पसंत नव्हतं. मला म्हणाले होते, "एक फेरी चुकली की सूनबाई घरात, आणि तू शाळेत मास्तर. मी कोणासाठी पडाव थांबवणार नाही. मुलासाठी तर नाहीच."

त्या सकाळी मिरजोळ्याच्या अलीकडे रेडिएटर उकळला. मी इंजिन बंद केलं. द्वारका डबा घेऊन विहिरीवर गेली. विहीर खाली, काजूंच्या पलीकडे, सहज दोन फर्लांगांवर. बराच वेळ झाला तरी ती दिसेना, आणि आगबोटीची वेळ जवळ येत होती. तेवढ्यात समोरून गवताने भरलेली बैलगाडी आली. रस्ता अरुंद. गाडीवान म्हातारा होता. तो बसल्या जागेवरून म्हणाला, "ड्रायव्हर, जरा मागं घ्या की. माझं बैल काय उलटं चालत नाहीत."

बंदर डोळ्यांपुढे नाचत होतं. मी नियम मोडला. हँडल मारलं, आत बसलो आणि लॉरी मागे घ्यायला सुरुवात केली...

फाळक्यावर थाप पडली. एकच. आणि बांगड्या खळकन वाजल्या.

सवयीने पाय ब्रेकवर गेला. "आता काय झालं?" मी ओरडलो. उतरून मागे गेलो — कोणीच नव्हतं. मागच्या चाकापासून वीतभर अंतरावर रस्त्याची कड आतून पोखरलेली होती, आणि खाली चिऱ्यांची खाण, दोन पुरुष खोल. चाक आणखी एकदा फिरलं असतं तर पेट्यांसकट मी तळाला गेलो असतो.

"मागे कोण होतं?" कडेची झुडपं धुंडाळून पाच-सात मिनिटांनी मी गाडीवानाला विचारलं.

"कोण नव्हतं. तुमची बाय ती बघा, आत्ता येत्ये."

द्वारका काजूंतून वर येत होती, कमरेवर डबा, कपाळ घामाने भिजलेलं. आली ती बोलतच.

"माझ्याशिवाय गाडी हलवलीत ना? इंजिनाचा आवाज ऐकला आणि असा राग आला... विहिरीच्या कठड्यावरच हात आपटला. बघा, तळवा लाल झालाय."

तिने पाणी ओतलं, मागे उभी राहिली, रीतसर थापा मारल्या. गाडीवान पुढे गेला, आणि आम्ही बंदराकडे धूळ उडवत निघालो.

आबांच्या हातात पडावाचा दोर होता. सोडायचाच बाकी. शेवटची पेटी चढेपर्यंत त्यांनी तो हातातच धरून ठेवला. मग माझ्याकडे न बघता द्वारकेला म्हणाले, "सूनबाई, उद्या किती वाजता येताय?"

तिने वेळ सांगितली. मला कोणी विचारलं नाही.

सायन्सवाला असल्यामुळे मला हे सोडवत नव्हतं. आठवडाभराने तिला त्याच विहिरीवर पाठवलं आणि मी लॉरीत बसलो, इंजिन बंद ठेवून. कठड्यावर दहा थापा मार म्हटलं होतं. तिने अकरा मारल्या म्हणे. मला एकही ऐकू आली नाही. वारा फिरल्यावर पुन्हा करून पाहिलं, इंजिन सुरू करून पाहिलं. काही नाही. ज्यांनी मला शिकवलं त्या प्रोफेसरांनाही पत्र लिहिलं. त्यांनी उत्तरात माझी प्रकृती विचारली.

आज चार वर्षांनीही माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. द्वारकेकडे आहे.

"ऐकू कशी येणार?" ती म्हणते. "त्या दिवशी मी रागावले होत्ये."