फटीतून येणारा स

दातवाल्यांना गल्लीत कुणी नावाने हाक मारत नसे. घराच्या पुढच्या खोलीत ते कवळ्या बनवायचे. टेबलावर मेणाच्या वड्या, गुलाबी हिरड्या, वाट्यांमधल्या पाण्यात भिजत पडलेले दात. नवीन माणूस दारातच दचकायचा. दातवाले मात्र त्याला खुर्चीत बसवून, कवळी घालून, हातात आरसा द्यायचे. "बोला आता काहीतरी. भांडलात तरी चालेल, दात पडायचे नाहीत."

एकुलती एक लेक शेजारी बसून कवळ्यांना पॉलिश करायची. तिच्या स्वतःच्या पुढच्या दोन दातांत फट होती. ती दहावीत असताना तार बसवायची म्हणून बापाने तिच्या जबड्याचा प्लास्टरचा ठसा घेतला, पण ती ऐकेल तर शपथ! "असू दे रे बाबड्या, हवा खेळती राहते," म्हणाली. त्या फटीतून तिचा प्रत्येक 'स' बारीक शीळ घालत यायचा.

विसाव्या वर्षी ती तापाने गेली. आदल्या दिवशी डोकं जड झालंय म्हणत दवाखान्यात गेली, दुसऱ्या दिवशी घरी आली ती चादरीत गुंडाळलेली.

दातवाले रडले नाहीत. मग एकदा कपाटातून तो ठसा काढून त्यांनी तिचे दात हुबेहूब बनवले, फटीसकट. सायकलच्या पंपाने त्यांतून हवा सोडून पाहिली. फुस्स झालं, बाकी काही नाही.

"जीभ पाहिजे. आणि श्वास," ते बायकोला म्हणाले. भाजीत मीठ पाहिजे म्हणावं, तसं.

शेजारच्या म्हाताऱ्या मास्तरीणबाई नवी कवळी करायला आल्या, तेव्हा दातवाल्यांनी त्यांच्या हिरड्यांवर लेकीचे दात बसवले. बाईंनी आरशात पाहिलं, "सुरेख बसलीय," म्हणाल्या, आणि खोलीत ती शीळ वाजली. "अजून बोला," दातवाले म्हणाले.

पुढे पेन्शनर आजोबांनाही त्याच ठशावरून केलेले दात मिळाले. मग शिंपीमामांना. तक्रार कुणाचीच नव्हती. चावता येत होतं, सगळे खूश होते. पण दुकानाच्या रांगेत दातवाल्यांच्या बायकोला पाठीमागून आवाज आला, "साखर संपली का सगळी?" ती गर्रकन वळली. मागे पेन्शनर आजोबा पिशवी धरून उभे होते.

ती तशीच घरी आली. "अहो, काय मांडलंय तुम्ही हे?"

"येतेय गं ती," दातवाले म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते. "थोडी थोडी येतेय."

दात नीट बसलेत का बघतो, असं सांगून त्यांनी एका दुपारी तिघांना एकदम बोलावलं. बाहेर लख्ख ऊन होतं. तिघं बाकावर बसून गुडघेदुखीचं बोलत होते. बायको आतल्या दाराशी उभी होती.

बोलता बोलता मास्तरीणबाई थांबल्या. "बाबड्या," त्या म्हणाल्या. लगेच हात तोंडावर गेला. "अगबाई! हे काय बोलले मी?"

"आई," पेन्शनर आजोबा म्हणाले. "कुठंय?" शिंपीमामांनी वाक्य पुरं केलं. तिघांचे चेहरे घाबरलेले होते आणि तोंडं आपापली हलत होती.

दातवाले बाकासमोर गुडघे टेकून बसले. "इथंच आहे आई. बोल बाळा, तू कुठं आहेस?"

"सापडत नाही रे," मास्तरीणबाईंच्या तोंडून आलं. "इथं किती तोंडं आहेत." मग तिघांच्या तोंडून एकाच वेळी, शीळ घालत: "सगळ्यांत माझं कुठलं?"

दातवाले हसत होते. "सांगतो, सांगतो. अजून बनवतो मी. शंभर बनवतो!"

तेव्हा बायको पुढे आली. तिने त्यांना खांद्याला धरून बाजूला केलं आणि मास्तरीणबाईंचे थरथरणारे गाल ओंजळीत घेतले.

"यातलं एकही तुझं नाही, सोन्या," ती म्हणाली. "तू हरवली नाहीस. बाबांनीच तुला हाका मारमारून वाट चुकवली. नको शोधूस आता. जा."

"आई, सो..." एवढंच आलं. पुढचं कुणाच्याच तोंडून आलं नाही.

बायकोने वाटी पुढे केली. तिघांनी कवळ्या काढून दिल्या. दातवाले भिंतीला टेकून हुंदके देत होते. लेक गेल्यापासून ते पहिल्यांदाच रडत होते.

तिघांना त्यांनी नवे दात करून दिले, एकमेकांना घट्ट चिकटलेले. जुन्यांचं काय केलं, ते त्यांच्या बायकोने कुणाला सांगितलं नाही. मास्तरीणबाई म्हणतात, आता काही त्रास नाही. फक्त 'स' आला की त्या क्षणभर थांबतात, कुणाला आधी बोलायचं असेल तर म्हणून.

दातवाल्यांचं काम चालू आहे. कवळी बसवतात, आरसा देतात, आणि गिऱ्हाईक तोंड उघडायच्या आत खोलीबाहेर जातात. पहिलं वाक्य बायको ऐकते. ती आतून "या" म्हणाली, की मगच ते परत येतात.