मिठाच्या पाण्यातले नंबर

फ्लेक्सचे बोर्ड आले आणि कळमनुरीत माझ्या नवऱ्याच्या ब्रशला कुणी विचारीना. मग त्यांनी टी-शर्टांवर नंबर छापायला घेतले. लाकडी चौकटीवर ताणलेली जाळी, रबराची पट्टी आणि नांदेडहून आणलेला रंग. दुपारी छापून अंगणातल्या दोरीवर वाळत घालायचं आणि दुसऱ्या दिवशी वर सुती फडकं ठेवून कडक इस्त्री दाबायची. रंग भाजून पक्का करायची भट्टी घ्यायची ऐपत नव्हती. इस्त्रीच्या उष्णतेने रंग कापडात बसतो, आणि तोवर पाणी लागू द्यायचं नाही, एवढं आम्हा दोघांना ठाऊक होतं.

पण रंग बसत नव्हता. दोन संघांचे नंबर पहिल्याच धुण्यात सोलून निघाले. तांड्यावरच्या कबड्डीच्या पोरांनी छापायला नवे शर्ट आणून टाकले तेव्हा हे म्हणाले, "ह्ये बी गेले तर मी पुण्याला जातो. रंगाऱ्याचं काम तिथं भेटंल." घरात मी आणि सासूबाई, मधे कुणीच नाही, ही कल्पनासुद्धा मला सोसवेना.

मी मुळातच संशयी. आधी नांदेडच्या दुकानदारावर संशय घेतला, डब्यात काहीतरी कालवत असणार. मग यांच्यावर. लाइट जाईल म्हणून हा माणूस इस्त्री घाईत उरकतो, असं ठरवून मी शेजारी पहारा दिला. हे भडकले. तेवढ्यात नमुन्यासाठी आदल्या दिवशी छापलेला एक शर्ट हाताला ताठ लागला. बोट फिरवून जिभेला लावलं, तर खारट!

त्या दुपारी तांड्याचे शर्ट दोरीवर गेले. दिवेलागणीला मी दाराआड उभी राहिले. सासूबाई बादली घेऊन आल्या, पाण्यात मूठभर मीठ टाकलं आणि दोरीवरचा पहिला शर्ट काढला. मी धावत जाऊन तो ओढून घेतला.

"आत्याबाई, काय करून राहिल्या?"

"नवं कापड मिठाच्या पान्यातून काढल्याबिगर रंग पक्का व्हतो व्हय? तुझ्या लग्नातली साडी बी म्याच काढली व्हती."

चेहरा अगदी भोळा होता, पण माझ्या पचनी पडेना. घरात हा पसारा मांडलेला त्यांना पहिल्यापासून आवडला नव्हता. पोरगं हरलं की पसारा आपोआप उठेल, असा डाव कशावरून नसेल?

इस्त्री झाली, शर्ट एक-दोन दिवस मुरू दिले, आणि त्यातला एक मी मुद्दाम त्यांच्याच हातात धुवायला दिला. त्यांनी साबण चोळला, दगडावर दणादण आपटला, नंबर अंगठ्याने खसाखसा घासला. रंग जागचा हलला नाही. हे खुशीत येऊन बाकीच्या शर्टांच्या घड्या घालायला लागले.

सासूबाईंनी शर्ट पिळून माझ्या खांद्यावर टाकला.

"इस्त्रीच्या आधी वल्लं करायचं न्हाई, हे मला कुनी सांगितलं व्हतं का? दाराआड लपायला बरा टाइम भेटला तुला."

खरंच कुणी सांगितलं नव्हतं. त्या खरं बोलल्या याचाच मला जास्त राग आला.