शून्य रुंदीचा रकाना

हॉस्पिटलात तिला नावाने कोणी हाक मारत नसे. ती जिन्यावरून उतरताना दिसली, की केसपेपरच्या खिडकीतली बाई आतूनच ओरडायची, "कनेक्शनताई, गेलं बघा परत!" आणि ती म्हणायची, "जाऊन जातंय कुठे? त्याला काय माहेर आहे? थांब, आणते."

हे नाव तिने स्वतःच्या हाताने ओढवून घेतलं होतं. नवी लागली तेव्हा तिने लिहिलेला प्रोग्राम प्रत्येक टेबलावरून मागच्या खोलीतल्या डेटाबेसशी जोडणी उघडायचा, हवी ती माहिती आणायचा आणि दार सताड उघडं टाकून निघून यायचा. दुपारपर्यंत इतकी दारं उघडी पडायची, की नव्याला आत शिरायला वाव राहायचा नाही. मग सगळ्या टेबलांवर एकच पाटी झळकायची, जोडणी मिळत नाही. बाहेर रक्ताने माखलेली माणसं रांगेत आणि आत मशीन ढिम्म. एकदा पोटात चाकू खाल्लेल्या माणसाच्या भावाने कोपराने खिडकीची काच फोडली आणि काचेसकट हात आत घालून खिडकीवालीची मान धरली. त्या दिवसापासून तिने तीन शब्द गिरवले. उघड, आण, मिटव. प्रोग्राम सुधारला, नाव तेवढं चिकटलं ते चिकटलंच.

घर म्हणजे ती आणि धाकटी बहीण. आई लवकर गेली. बापाचा पट्टा खुंटीवर असायचा आणि राग नाकावर. बाप मेला तेव्हा शेजारणी रडल्या, या दोघींनी आधी पट्टा चुलीत घातला आणि मग रडायला बसल्या. थोरलीने लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, "एका पुरुषाचा मार खाऊन झाला, आता दुसऱ्याचा उष्टा कशाला खाऊ?" धाकटीला मात्र तिने हौसेने स्थळ शोधलं, तेही हॉस्पिटलातलंच. एक्स-रेवाला. टेबलावर झोपवलेल्या पेशंटला तो म्हणायचा, "श्वास घ्या... धरा... सोडा," इतक्या मायेने, की दुखणं अर्धं तिथेच कमी व्हावं. त्या आवाजावर भुलली थोरली. लग्न झालं धाकटीचं.

तो हाडांचा जाणकार. कुठे मारलं की मोडत नाही आणि कुठे मारलं की कपड्याखाली झाकलं जातं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. धाकटी दर खेपेला म्हणायची, "पडले गं." थोरली म्हणायची, "तुझ्या घराची फरशी फारच वाईट दिसते." एवढ्यावर विषय थांबायचा; पट्ट्याखाली वाढलेल्या मुलींना गप्प बसण्याची सवय असते. मग एके दिवशी त्याचा अंदाज चुकला, किंवा त्याने अंदाज घेतलाच नाही. पाटा उचलून त्याने धाकटीच्या डाव्या हातावर आपटला. त्याची सुट्टी होती, म्हणून ती त्याच्याच हॉस्पिटलात त्याच्या नजरेआड येऊ शकली. मोठ्या सिस्टरांनी वेगळ्याच नावाने तिचा केसपेपर काढला, जखम शिवली, वर प्लास्टर घातलं आणि मार खाऊन पळालेल्या बायका राहतात त्या घरी गुपचूप पोचवली.

"कुठे पाठवलंत?" थोरलीने विचारलं.

"तुला नाही सांगायची," सिस्टर म्हणाल्या. "रागावू नकोस. तू पोरगी चांगली आहेस, पण तू तिची बहीण आहेस. तो पहिला तुझ्याच दारात उभा राहणार."

पत्ता मात्र नोंदवावा लागलाच. जखमेचं ड्रेसिंग करायला एक नर्स त्या घरी जायची, तिला तो दिसायला हवा होता. सिस्टरांनी पूर्वीच बजावलं होतं, की त्या घरचा पत्ता ड्रेसिंगवालीशिवाय कोणाच्या नजरेला पडता कामा नये. ते काम आलं तेव्हा कनेक्शनताईच्या डोक्यावर दहा कामं होती. सगळ्या टेबलांसाठी तिचा डेटाबेसला एकच प्रश्न लिहिलेला होता, सगळे रकाने आण. ज्याच्या त्याच्यापुरता वेगळा प्रश्न लिहायचा म्हणजे किती खटाटोप! तिने पत्ता आणला सगळ्यांकडेच, फक्त ड्रेसिंगचं टेबल सोडून बाकीच्या पडद्यांवर त्या रकान्याची रुंदी शून्य करून टाकली. रकाना आहे, पण दिसत नाही. नंतर नीट करू, असं ती म्हणाली होती. ते नंतर काही उजाडलं नाही.

सिस्टर म्हणाल्या तसंच झालं. तो आला, भरदुपारी. ती ताटावर बसली होती.

"ताई, पाणीसुद्धा नाही विचारणार?"

"नळ गेलाय. जावईबापूंनी उभ्याउभ्याच काय ते बोलावं."

त्याने मागे हात नेऊन कडी घातली. "कुठंय ती?"

"मला माहीत नाही."

पहिली थप्पड एवढी बसली, की ताट भिंतीवर आणि ती ताटामागे. उठायच्या आत त्याने तिला केसांना धरून आतल्या दारापर्यंत फरफटत नेलं. तिचा उजवा पंजा बिजागरीच्या फटीत घातला आणि दाराला खांदा लावला. "ही बोटं चालतात ना मशीनवर? पोट भरतं ना यांच्यावर?" आणि मग त्याच मायेच्या आवाजात म्हणाला, "श्वास घ्या. धरा."

त्याने दार ढकललं. बोटं कडकन वाजली. तो आवाज तिने किंचाळण्याआधी ऐकला.

"खरंच माहीत नाही रे!"

"हॉस्पिटलातलं सगळं तुझ्या हातून जातं. नोंद असणारच. आहे की नाही?"

लहानपणी बाप धाकटीकडे वळला, की ही मुद्दाम उलटून बोलायची, म्हणजे पट्टा हिच्याकडे वळायचा. मार पडू लागला की तोंड सुटायचं, ही खोड हाडात मुरलेली. त्यात दुखणं डोक्यात गेलेलं आणि स्वतःच्या कामाचा तोरा कुठेतरी शाबूत. ती ओरडली, "आहे नोंद! तुझ्या पडद्यावर पण आहे, पण तुला नाही दिसायची! दडवलीये मी. तुझ्या बापाला पण नाही सापडायची!"

दारावरचा जोर एकदम गेला.

तो हसला. "दडवलेलं बघायचाच तर पगार घेतो मी, ताई."

त्याने जाताना तिचा मोबाइल टाचेखाली चुरडला आणि बाहेरून कडी लावून घेतली.

आपण काय बोलून बसलो ते तिला त्या कडीच्या आवाजासरशी कळलं. दोन रकान्यांच्या मधल्या रेघेवर माउस धरून ओढलं, की शून्य रुंदीचा रकानासुद्धा पडद्यासारखा सरकतो. कुलूप नव्हतंच तिथे. नुसता पदर ओढून घेतला होता. तिने डाव्या हाताने दार बडवायला सुरुवात केली. शेजारची शिवणवाली धावत आली आणि कडी काढताच तिच्या पंजाकडे बघून तोंडावर हात धरून उभी राहिली.

"स्कूटर काढ. हॉस्पिटल."

शिवणवालीच्या फोनवरून तिने मोठ्या सिस्टरांना लावून पाहिला. वाजून वाजून बंद झाला. सिस्टर ऑपरेशनला उभ्या होत्या. खिडकीचा नंबर नेहमीसारखाच गुंतलेला.

"आधी पोलिसात जाऊ गं!" शिवणवाली वाऱ्यावर ओरडली.

"आधी एक्स-रे!"

"तो तर काढायलाच हवा, बोटं बघवत नाहीत तुझी."

"बोटं खड्ड्यात गेली! हाण तू!"

हॉस्पिटलच्या मागच्या दाराने ती आत शिरली. डेटाबेसची खोली आधी लागली. किल्ली कनवटीला होती. आत जाऊन प्रोग्रामचा पासवर्ड बदलला, की सगळी टेबलं एका फटक्यात बंद. ती दारापाशी क्षणभर अडखळली आणि पुढे पळाली. त्याने एव्हाना तक्ता मागवला असणार. आणलेल्या ओळी त्याच्याच मशीनमध्ये येऊन बसलेल्या असणार आणि जोडणी आपोआप मिटलेली. उघड, आण, मिटव. तिनेच तसं लिहिलं होतं. चोर माल घेऊन बाहेर पडल्यावर तिजोरीला कुलूप घालून काय उपयोग?

एक्स-रेच्या खोलीत एक म्हातारे टेबलावर आडवे होते, खुब्याचं हाड मोडलेले. तो त्यांच्याकडे पाठ करून कॉम्प्युटरपुढे वाकला होता.

"साहेब," म्हातारे म्हणत होते, "मघापासून श्वास धरलाय. सोडू का?"

पडद्यावर तक्ता होता. वय आणि दुखापत यांच्या मधली रेघ त्याच्या माउसखाली उजवीकडे सरकत होती. नवा रकाना फटीएवढा उघडला होता. बहुतेक ओळी कोऱ्या. मधूनच एखादी भरलेली आणि भरलेल्या सगळ्या ओळी एकाच अक्षराने सुरू होणाऱ्या. म्हणजे एकट्या धाकटीचाच नाही, तिथे लपलेल्या प्रत्येकीचा पत्ता तो ओढून काढत होता.

सलाईनचा स्टँड दाराशी उभा होता. तिने तो डाव्या हाताने उचलला, काखेत दाबला आणि अंगाचा सगळा भार घालून पडद्यावर हाणला. पडदा फुटला नाही, नुसता तडकला, अक्षरं तशीच. तिने पुन्हा हाणला. या वेळी तो टेबलावरून उलटा पडला, तिने पाय ठेवून तो फोडला आणि खालच्या डब्याची वायर हिसडून काढली.

तेवढ्यात तिची मान मागे खेचली गेली. त्याने तिचं तोंड टेबलाच्या कडेवर आपटलं. तोंडात काहीतरी खडखडलं, दात होता. दुसऱ्यांदा आपटलं तेव्हा तिला टेबल दिसलंच नाही. त्याचे अंगठे गळ्यावर आले. "बहिणी बहिणी," तो दातओठ खात म्हणत होता, "दोघींची हाडं एकाच फोटोत काढतो!" तिने मान वळवली, मनगटात दात रोवले आणि सोडलेच नाहीत. तो तिला भिंतीवर झटकत राहिला, ती जळूसारखी लटकून राहिली. दोघांचं रक्त तिच्या हनुवटीवरून ओघळलं. म्हाताऱ्यांना उठता येत नव्हतं. त्यांनी पडल्यापडल्या अशी बोंब ठोकली, की अख्खा मजला गोळा झाला. खिडकीवाली सगळ्यांत पुढे होती. तिच्या हातात कागदांना भोकं पाडायचं लोखंडी यंत्र होतं आणि ते तिने एक्स-रेवाल्याच्या कानशिलात घातलं. तो गुडघ्यावर आला, तरी तिने आणखी एकदा घातलं. "हा काचेचा!" ती म्हणाली. कुठल्या काचेचा, कोणाच्या काचेचा, ते तिलाच ठाऊक.

वॉचमनने त्याचे हात मागे बांधले. तो ओठावर ओघळलेलं रक्त चाटत कनेक्शनताईकडे बघून हसला.

"फोडलंस. पण पत्ता मी वाचला होता."

मोठ्या सिस्टर ऑपरेशनच्या झग्यातच धावत आल्या होत्या. "खोटं बोलतोय मेला. तुला छळायला."

"असेल खोटं," ती फुटक्या तोंडाने म्हणाली. "आणि खरं असलं तर? त्याला भाऊ आहेत, मित्र आहेत. हा आत बसून एक फोन करेल. हलवा, सिस्टर. सगळ्यांना हलवा. आत्ताच्या आत्ता."

दिवेलागणीच्या आत ते घर रिकामं झालं. कोणी तान्हं पोर पोटाशी धरून निघाली, कोणी वाळत घातलेले कपडे तसेच टाकून. एकीने पायरीवर कपाळ आपटून घेतलं आणि जिने कोणी पत्ता फोडला तिच्या तोंडाला किडे पडोत, असा शाप दिला. हे ड्रेसिंगवालीने येऊन सांगितलं. कनेक्शनताईच्या पंजाला तेव्हा प्लास्टर बांधत होते. "बरोबर बोलली," एवढंच ती म्हणाली.

सुट्टी घे म्हणून सगळ्यांनी सांगितलं. तिने घेतली नाही. खिडकीवालीला शेजारी बसवलं आणि एकेक ओळ सांगून तिच्याकडून टाइप करून घेतली. प्रत्येक टेबलाला वेगळा प्रश्न. ज्याला जेवढं लागतं तेवढंच आण. पत्ता आता बाकीच्या मशीनपर्यंत पोचणारच नव्हता, मग दडवायचं कशाला? खिडकीवाली एका बोटाने टाइप करायची आणि दर शब्दाला कुरकुरायची. "ताई, एवढं सगळं आधी नाही का लिहायचं?"

"लिहायला हवं होतं. टाइप कर."

धाकटीचा फोन आला तो मोठ्या सिस्टरांच्या मोबाइलवर.

"ताई, तुझे दात पाडले म्हणे?"

"एकच. तोही किडलेला. काढायला जायचंच होतं."

धाकटी हसली आणि हसता हसता रडायला लागली. मग नाक ओढत म्हणाली, "इथे बरं आहे गं. खिडकीतून समोर—"

"गप!" थोरली एवढ्याने ओरडली, की खिडकीवालीचं बोट भलत्याच अक्षरावर पडलं. "खिडकीतलं काही सांगू नकोस. दारातलं पण नको."

"तुला पण नाही? तू काय परकी आहेस?"

"मला तर मुळीच नाही. मला मारलं की मी बोलते, धाकटे."

धाकटी बारीक आवाजात म्हणाली, "तो सुटला तर आधी तुझ्याकडेच येईल."

"येऊ दे. मारू दे. आत काही नसेल तर बाहेर काय काढेल?" तिने आवाज सारखा केला. "हाताला मुंग्या येतात का? बोटं हलवत राहा. आणि सिस्टरांशी बोल, त्यांना ड्रेसिंगचा वार ठरवायचाय."

तिने फोन सिस्टरांना दिला. सिस्टर बोलत बोलत व्हरांड्यात गेल्या, पण त्यांचा आवाज खणखणीत. बसथांबा, वळण, पिवळं की निळं असलं काहीतरी ऐकू येईलसं तिला वाटलं. तिने प्लास्टरचा हात एका कानावर दाबला, बरा हात दुसऱ्या कानावर, आणि सिस्टर आत येईपर्यंत तशीच मान खाली घालून बसून राहिली.