शेवटच्या दाराचं तोरण

मी मुळातच भित्री. दुपारच्या वेळी बेल वाजली की मी आधी देवाचं नाव घेते, आणि बहुतेक वेळा दारात कुरिअरवाला नाहीतर भंगारवाला उभा असतो. महिन्याभरापूर्वी अशीच बेल वाजली आणि दारात खालच्या मजल्यावरचे भाऊजी उभे होते. पायात चप्पल नव्हती. "माधुरी, हिला जरा बघतेस का... उठत नाहीये," एवढंच म्हणाले. मी जिना कशी उतरले ते आठवत नाही. सुमनवहिनी दुपारच्या झोपेतच गेल्या होत्या. पंखा चालू होता, चष्मा उशाशी होता... आणि जन्मभर वाईट बातमीची धास्ती घेऊन बसलेली मी, खुळ्यासारखी त्यांना हाका मारत राहिले.

आम्ही कोपरखैरण्याला राहायला आलो तेव्हा ही बिल्डिंग नवी होती आणि आजूबाजूला माणसांपेक्षा मोकळी जागाच जास्त होती. गिरगावच्या चाळीत वाढलेली मी. तिथे शेजाऱ्याच्या घरात चमचा पडला तरी कळायचं. इथे संध्याकाळी खाडीकडून कोल्हेकुई ऐकू यायची. ह्यांची नोकरी न्हावा शेवाच्या बंदरात, एका क्लिअरिंग एजंटकडे. घरी यायची वेळ नक्की नाही. दिवेलागणीला मी दाराला आतून कडी, वर साखळी आणि त्याला टेकून खुर्ची लावायची. ती खुर्ची सरकवल्याचा आवाज ऐकून एकदा वहिनी वर आल्या आणि बाहेरूनच म्हणाल्या, "अगं, भित्यापाठी ब्रह्मराक्षस! उघड दार, चहा टाक." त्या साताऱ्याकडच्या. भाऊजी वाशीच्या भुसार बाजारात एका पेढीवर दिवाणजी. वहिनींना मूलबाळ नव्हतं. माझी मुक्ता मात्र चालायला लागल्यापासून त्यांच्याच घरात असायची.

वहिनींचा मोठा सोस सजावटीचा, आणि तोही फुकटातल्या सजावटीचा. दसऱ्याच्या तोंडावर झेंडूचा भाव चढला की त्या म्हणत, "फूल दोन दिसांत सुकतंय. त्याचे एवढे लाड कशाला?" मग भाऊजी पेढीवरून फाटकी बारदानं, म्हणजे धान्याची रिकामी पोती, घेऊन येत. वहिनी ती सोडा घालून मोठ्या पातेल्यात खळखळून उकळत आणि गच्चीवर वाळत घालत. कांदा-बटाटा बाजारात पायाखाली येणारी कांद्याची सालं आणून, त्यांच्या पाण्यात त्या बारदानाचे तुकडे असे रंगवत की तयार झालेलं फूल लांबून झेंडूचंच वाटावं. शेजारच्या मूळ कोपरखैरणे गावातली मासळीवाली भाताच्या लोंब्या आणून द्यायची. पैसे विचारले तर म्हणायची, "ने गो बाय, देवीलाच हाय ना!" गावाची थोडीफार शेती तेव्हा अजून शिल्लक होती. बारदानाची फुलं, मधे लोंब्या, कडेला सुतळीचे गोंडे... अशी तोरणं त्या बिल्डिंगमधल्या प्रत्येक दारासाठी शिवायच्या आणि घटस्थापनेच्या सकाळी स्वतः बांधायच्या. खालून सुरुवात करत वर यायच्या, त्यामुळे आमचं दार शेवटचं.

पाच वर्षांपूर्वी सुरतेत प्लेग पसरला, ते साल वाचकांना आठवत असेल. पितृपक्षात बातम्या सुरू झाल्या. आधी वाटलं, सुरत कुठे, आपण कुठे! मग मुंबईतही संशयित रुग्ण असल्याचं छापून आलं आणि माझी झोप उडाली. माणसं तोंडाला रुमाल बांधून फिरू लागली. औषधाच्या दुकानांतून प्लेगवरचं टेट्रासायक्लिन नाहीसं झालं. परदेशी जहाजं आपला माल घ्यायला कां-कू करत होती, म्हणून हे न्हावा शेवालाच अडकून पडले होते. मी मुक्ताला घराबाहेर सोडेना. ती शिंकली तरी कपाळाला हात लावून बघायची. तशातच नवरात्र बसलं, दरवर्षीप्रमाणे दारोदारी तोरणं लागली, आणि मलाही घटकाभर बरं वाटलं.

तिसऱ्या माळेला मीटरच्या खोलीत मेलेला उंदीर सापडला. सगळे जिन्यात जमले. प्लेग उंदरांच्या पिसवांमधून येतो, हे एव्हाना पेपर वाचून सगळ्यांना पाठ झालं होतं. उंदीर कुठे असतात? धान्याच्या गोदामात. आणि गोदामातली पोती? ... सगळ्यांची नजर आपापल्या दारावर गेली. सोसायटीचे सेक्रेटरी दोन पायऱ्या मागे सरकले. "वहिनी, टेन्शन नका घेऊ, तुमच्यावर कोणाचा डाउट नाय. पण रिस्क कशाला घ्यायची? घरात लहान पोरं आहेत." झाडूच्या दांड्याने त्यांनी एकेक तोरण खाली पाडलं, अंगणात ढीग केला आणि त्यावर रॉकेल ओतलं. वहिनी गॅलरीतून बघत होत्या. त्या चिडतील, निदान दोन शब्द सुनावतील, असं मला वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "सगळी काढली ना? वरची पण?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मुक्ता तापाने फणफणली.

मी आधी खिडक्या लावून घेतल्या. तिचं कण्हणं कुणाला ऐकू गेलं तर पोरीला माझ्यापासून तोडून नेतील, कुठल्या तरी वॉर्डात एकटीला ठेवतील, हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं. तिच्या काखेत, जांघेत गाठ आहे का ते मी पुन्हा पुन्हा चाचपून पाहिलं. शेवटी टॉवेलात गुंडाळून तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी रक्त घेतलं आणि म्हणाले, रिपोर्ट उद्या दुपारी, तोवर घाबरू नका. मला घाबरू नका म्हणणं म्हणजे पाण्याला ओलं होऊ नकोस म्हणणं! परत येताना जिन्यात एकेक दार आतून बंद होत गेलेलं मी ऐकलं. त्यांना तरी काय बोलणार? मीही तेच केलं असतं.

थोड्या वेळाने वहिनी आल्या. रुमाल नाही, काही नाही. आल्या तशा पलंगावर बसल्या आणि मुक्ताचं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं. मी म्हटलं, "वहिनी, लांब बसा हो, तुम्हाला काही झालं तर..." त्यांनी वर पाहिलं. ती माझ्या ओळखीची बाई नव्हती. ओठ पांढरे पडले होते.

"माधुरी, तुझ्या दारचं बारदान मी उकळलं नव्हतं."

मला क्षणभर अर्थच लागेना.

"सिलिंडर संपला होता गं. शेवटचंच पोतं राहिलेलं. म्हटलं, ऊन कडक हाय, नुसतं झटकून वाळवू, काय होतंय? बाकी सगळ्यांची उकळली. तुझंच तेवढं..." मग मुक्ताच्या गालाला गाल लावून म्हणाल्या, "मी हितनं हलायची नाही. हिला झालं असंल तर मलाबी होऊ दे."

मला राग यायला हवा होता. आला नाही, भीतीने रागाला जागाच ठेवली नव्हती. मला फक्त एवढंच कळत होतं, की सगळी दारं बंद असताना या घरात माझ्याइतकंच घाबरलेलं आणखी एक माणूस आहे. मी म्हटलं, "वहिनी, जाऊ नका."

त्या गेल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी रिपोर्ट आला. मलेरिया! मलेरिया म्हटल्यावर आनंदाने हुंदके देणारी आई त्या डॉक्टरांनी पहिल्यांदाच पाहिली असेल. मी धावत वर आले, वहिनींना सांगितलं, तर त्या हसल्या नाहीत की रडल्या नाहीत. मुक्ताचं डोकं अलगद उशीवर ठेवलं, बाथरूममध्ये गेल्या आणि बराच वेळ नळ चालू ठेवला.

हे लिहावं की नाही, यावर मी खूप विचार केला. भाऊजींना विचारलं. ते म्हणाले, "लिही. तिनं मला केव्हाच सांगितलं होतं. दर नवरात्रात सांगायची, पुन्हा पुन्हा." दोष बारदानाचा नव्हताच, मलेरिया डासांनी होतो, हे मी वहिनींना किती वेळा समजावलं! "ते खरं गं," म्हणायच्या, "पण झालंच असतं तर?" माझं सगळं आयुष्य याच प्रश्नावर चाललेलं.

पुढच्या वर्षी नवरात्र जवळ आलं तरी वहिनींनी बारदान मागवलं नाही. "मला भ्या वाटतंय," म्हणाल्या. ब्रह्मराक्षसाच्या नावाने मला चिडवणारी ती बाई असं बोलली, तेव्हा मला बघवेना. मी भाऊजींकडून एक पोतं मागून घेतलं, माझ्या गॅसवर, माझ्या पातेल्यात, त्यांना समोर बसवून उकळलं. त्या मधेमधे झाकण काढून बघत होत्या. "अजून जरा होऊ दे," म्हणत होत्या. आम्ही घामाघूम झालो. मग त्यांनी सुई हातात घेतली. तोरण शिवून झालं, पण दाराशी स्टुलावर चढल्यावर त्यांचा हात वर जाईना. "तूच बांध," म्हणाल्या, आणि मी बांधलं. बाकीच्या दारांना त्यांनी पुन्हा कधी तोरण केलं नाही. आमच्या दाराला मात्र दर वर्षी झालं. उकळायचं मी, शिवायचं त्यांनी, बांधायचं मी.

मुक्ता आता चौथीत आहे. यंदा नवरात्र आठवड्यावर आलं तसे परवा भाऊजी वर आले, काखेत घडी घातलेलं बारदान होतं. मी पातेलं चढवलं. सोडा घातला, खळखळून उकळलं, झाकण काढून पाहिलं, आणखी थोडा वेळ उकळू दिलं. पिळून गच्चीवर वाळत घातलं आणि संध्याकाळी घडी करून घरात आणलं. ते टेबलावर तसंच आहे. पुढचं मला येत नाही.