उमरेबाबूंचे कायदे

आम्ही खाणीतले जुने लोक कुठे लग्नाकार्यात भेटलो, की पहिली पाच मिनिटं गुडघे आणि पेन्शन. सहाव्या मिनिटाला कोणीतरी उमरेबाबूंचं नाव काढतं. मग वाढणारा दोनदा येऊन जातो, तरी आमचं ताटाकडे लक्ष नसतं. माणूस एक, पण प्रत्येकापाशी त्याचा वेगळा किस्सा. माझ्यापाशी साठलेले चार-पाच सांगतो.

नामदेवराव उमरे आमचे हजेरीबाबू. साठ सालाच्या आगेमागे मी राजूरकडच्या एका कोळसा खाणीत कारकून म्हणून लागलो, तेव्हा ते चाळिशीचे असतील. जगात दोनच गोष्टींवर त्यांचं मत होतं, क्रिकेटची बॉलिंग आणि पत्ते. बाकी विषयांवर ते 'असंन' एवढंच म्हणत.

क्लबच्या पडवीत रेडिओ होता. टेस्ट मॅच असली की उमरेबाबू टेबलावर काड्यापेट्या मांडत. ती फिल्डिंग. कॉमेंट्री इंग्रजीत. बॉलरचं नाव आणि धावा समजल्या की त्यांना पुरे व्हायचं.

"सकाळपासून एकाच टोकाकडून टाकून राह्यला बिचारा," ते एकदा म्हणाले. "थकला आता. तो आखूड टाकीन न मार खाईन."

पुढच्याच बॉलला चौकार गेला. आम्ही त्यांच्याकडे बघतच राहिलो. मी म्हणालो, "बाबू, तुम्ही कॅप्टनला पत्रच लिहा."

"लिहिलं ना मागच्या साली. इंग्रजी कच्चं म्हणून मराठीतच लिहिलं. त्याले वाचून दाखवाले कोणी भेटलं नसंन."

*

मी नवा होतो, जीभ जरा सैल होती. एका दुपारी विचारलं, "बाबू, एवढं बोलता, तुम्ही स्वतः किती विकेटी काढल्या?"

उमरेबाबूंनी शांतपणे उजवी बाही वर केली. कोपर बाहेरच्या अंगाला वळलेलं होतं. लहानपणी बैलगाडीवरून पडले, गावातल्या माणसानं हाड बसवलं, ते तसंच वाकडं जुळलं. हात सरळ होतच नव्हता.

"माह्या हातचा हरेक बॉल नो-बॉल हाये," ते म्हणाले. "म्हणून दुसऱ्याचे पाहातो."

त्या दिवशी माझा चहा त्यांनीच सांगितला.

*

कोळशाच्या गाड्या ढकलणाऱ्यांत राठोड नावाचा पंचविशीचा गडी होता. तांड्यावरचा. लहानपणापासून ज्वारीवरची पाखरं दगडानं हाकललेली. उमरेबाबूंनी त्याला एका दगडात झाडावरचं कवठ पाडताना पाहिलं आणि तिथंच ठरवलं, हा आपला फास्ट बॉलर.

अडचण एकच. राठोड बॉल टाकत नव्हता, फेकत होता. दोन महिने रोज पाळी सुटली की उमरेबाबू त्याच्या कोपराला बांबूची कामटी बांधायचे आणि शंभर बॉल टाकायला लावायचे.

"बाबू, पाखरानं कधी विचारलं नाही, हात वाकला का म्हणून," राठोड कुरकुरायचा.

"पाखरू अंपायर नसते," उमरेबाबू म्हणायचे.

वणीच्या टीमशी मॅच झाली. आमच्याकडून अंपायर उमरेबाबूच. वणीवाल्यांची शेवटची जोडी, तीन धावा हव्या. राठोड जीव खाऊन धावला आणि मधला दांडा उडाला. आम्ही टोप्या उडवत मैदानात शिरलो. पाहतो तर उमरेबाबूंचा हात आडवा.

नो-बॉल. पुढच्याच बॉलला वणीवाल्यांनी चौकार मारला आणि आम्ही हरलो.

परत येताना ट्रकमध्ये उमरेबाबूंशी कोणी बोलेना. ते फळीला टेकून एका कोपऱ्यात बसले होते. राठोड उठला आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसला.

"बाबू, हात किती वाकला होता?"

उमरेबाबूंनी दोन बोटं दाखवली.

"मंग ठीक हाये," राठोड म्हणाला. "मले वाटलं, लय वाकला."

*

पुढे नवे मॅनेजर साहेब आले. त्यांना तीनपत्तीचा शौक. रविवारी दुपारी क्लबात डाव बसायचा, पैशांऐवजी चिंचोके. साहेबांना हरवायचं नाही, हे कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं.

उमरेबाबूंचं मत असं, की तीनपत्तीत पानं पाहायची नाहीत, समोरच्याचा गळा पाहायचा. "मोठी पानं आली की माणूस आवंढा गिळते." एका रविवारी त्यांनी साहेबांसमोर चाल वाढवत नेली. साहेबांनी विचार केला आणि पानं टाकून दिली. उमरेबाबूंनी आपली उलटी केली, तर हातात दुर्रीची जोडी.

"अरे, मेरे पास तो गुलाम की जोडी थी," साहेब म्हणाले आणि टाकलेल्या पानांकडे हात नेला.

उमरेबाबूंनी पानांवर आपला पंजा ठेवला. "साहेब, पान टेबलाले लागलं. आता ते तुमचं नाही."

उमरेबाबूंच्या बढतीचा कागद त्याच आठवड्यात साहेबांच्या टेबलावर सहीला होता.

सोमवारी सकाळी साहेबांनी बोलावलं. उमरेबाबू कोटाची सगळी बटणं लावून आत गेले. बाहेर आले तेव्हा आम्ही दारातच उभे.

"सही केली साहेबांनी," ते म्हणाले. "पण म्हणाले, रविवारी माह्या टेबलावर बसाचं नाही."

*

आणि हा मजीदभाईंचा.

मजीदभाई खाली खाणीत, पाणी उपसायच्या पंपावर असायचे. जेवणाच्या सुट्टीत राठोड त्यांच्याकडे जायचा आणि दोघं रमी खेळायचे. पत्ते मजीदभाईंच्या डब्यात लपवलेले. एका दिवशी याच वेळी मधल्या वाटेत छत बसलं. बाकी सगळे वर आले, हे दोघं पलीकडे राहिले.

उमरेबाबू खाणीच्या तोंडाशी रजिस्टर मांडीवर घेऊन बसले. पाळी बदलली, दुसरा बाबू आला, तरी उठले नाहीत. साहेब स्वतः येऊन म्हणाले, "घर जाइए, खाना खाइए."

"दोघांची पाळी सुटल्याची वेळ लिहाची राह्यली," उमरेबाबू म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी वाट मोकळी झाली. दोघांना स्ट्रेचरवर वर आणलं. अंगभर कोळसा, ओठ फुटलेले, पण जिवंत. मजीदभाईंनी डबा छातीशी धरलेला, तो कोणाला घेऊ देईनात. उमरेबाबूंनी रजिस्टरमध्ये वेळ लिहायला घेतली. डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"उमरेबाबू, एक बात बताओ," मजीदभाई पडल्या पडल्या म्हणाले. "डाव अर्ध्यात, दिवा गेला. ये राठोड बोलता, डाव रद्द. मैं बोलता, नहीं."

डॉक्टर पुढे झाले होते. उमरेबाबूंनी त्यांना हातानं थांबवलं आणि डोळे पुसले.

"अंधारात पानं बदलली कोणी?"

"नाही बाबू," राठोड म्हणाला. "माही तर खिशातच हायेत."

"मंग डाव चालू हाये."

राठोडनं सदऱ्याच्या खिशातून तेरा पानं काढली. मजीदभाईंनी डबा उघडला. उमरेबाबू दोन स्ट्रेचरांच्या मधे, कोळशाच्या भुकटीतच मांडी घालून बसले.

"पाळी कोणाची होती?" त्यांनी विचारलं.

"माही," राठोड म्हणाला, आणि पान ओढलं.