दोन हातांची काठी

गळवाले नाना कोणालाही मासे धरायची काठी द्यायच्या आधी त्याला रिकाम्या हातानं समोर उभं करायचे. दोन्ही हात पुढं कर म्हणायचे, पंजे बघायचे, मंग बांबू निवडायचे. माझं तिथंच अडलं. कडेवर पोर होती, दीड वर्षाची, आन तापीच्या काठावर मी तिला खाली ठेवणारच नव्हते. मी एकच हात पुढं केला. नाना म्हणाले, "दुसरा कोठे शे?"

दुसरा कुठं असणार, पोरीवर. मी पाचवीत होते तेव्हा धाकट्या बहिणीला घेऊन पाटाच्या पाण्यावर भांडी घासायला गेले, दोन्ही हात राखेत, मागं बघितलं तर ती नव्हती. शाळा तिथंच सुटली. तेव्हापासून पाण्याजवळ माझा एक हात पोराबाळावरच राहतो. हे मी नानांना एका दमात सांगून टाकलं, का सांगितलं माहीत नाही, दमले होते. पोरीमुळं केळीच्या बागेत कोणी कामाला घेईना, नवरा कमरेनं आडवा पडलेला, घरात शिजवायला तर काहीतरी पाहिजे.

काठी मी घरूनच आणली होती. केळीच्या घडाला लावतात तो टेकू, जाड, सरळ, आयुष्यभर तोच बांबू पाहिलेला. नानांनी तो हलवून बघितला, शेंडा हललाच नाही. खोकला येईपर्यंत हसले. "माय, मासा म्हंजे केळीना घड शे का? जी काठी वाकस ती टिकस."

मंग माझ्या दुप्पट उंचीचा, शेंड्याला बारीक होत गेलेला बांबू काढला. एवढा लांब कशाला, तर मी पाण्यात पाय घालणार नाही म्हणून. गांडुळाला मी हात लावेना, तर गळाला कोंबड्याच्या मानेचं पीस बांधून दिलं, पाण्यावर माशी बसल्यासारखं दिसायचं. दोरा बारीक निवडला. मी म्हटलं जाड द्या, तुटेल. म्हणाले तुटू दे, काठीच्या आधी दोराच तुटला पाहिजे.

पण ती काठी एका हातानं फेकताच येत नव्हती. वरचा हात धरतो, खालचा ओढतो, तेव्हा कुठं पीस लांब जाऊन अलगद बसतं. चार दिवस मी एका हातानंच फेकलं आन चारही दिवस गळ माझ्याच पदरात अडकला. नाना बाभळीखालून विचारायचे, "आज काय रांधशी, लुगडं?"

पाचव्या दिवशी त्यांनी पेटीतला सगळ्यात जाड दोरा काढला. एक टोक पोरीच्या करदोड्याला बांधलं, दुसरं स्वतःच्या पायाच्या अंगठ्याला. मधला दोरा पावलांनी मोजला, पाण्याच्या चार पावलं अलीकडंच संपेल एवढा. "हाऊ दोरा तुटस नही," म्हणाले. "आते दोन्ही हात लाव."

लावले. एकदा फेकलं की तीनदा मागं बघायची. उन्हं चढल्यावर काठी वाकली, तळहाताएवढा मासा वर आला, आन मी मासा बघायचं सोडून आधी पोर बघितली. ती नानांच्या अंगठ्यावरची गाठ सोडायला बसली होती.

दोन पावसाळे नाना असेच बसले. यंदा त्यांना दिसेनासं झालं, मुलगा येऊन साक्रीला घेऊन गेला. जाताना जाड दोऱ्याचं रीळ माझ्या हातात ठेवलं. मी वाकून पाया पडले तेव्हा अंगठ्याला दोऱ्याचा वळ दिसला, पांढरा, खोल, कधी न जाणारा. दुखतं असं ते कधी बोलले नव्हते.

आता दोरा माझ्याच अंगठ्याला असतो. पोर शेळ्यांमागं पळते, अंगठा ओढला जातो, दुखतं, तेवढंच बरं वाटतं. दोन्ही हात काठीवर राहतात. पोर आता चिडते, सोड म्हणते, मी म्हणते एवढ्यात नाही. दोरा ढिला पडला की मात्र अजून मागं बघते.