गुणाजीभाऊंनी विचारलेले शब्द

गुणाजीभाऊ गेल्याचा फोन आला, तेव्हा मी मुलीला गणित समजावत बसले होते. फोन त्यांच्या खोलीतल्या सदानंदचा. "वैनी, गुणाजी गेलो... कामावरच. छातीत दुखता म्हणालो आणि बसलो तो उठलोच नाय." फोन ठेवून मी मुलीला म्हटलं, काका गेले. "विच अंकल?" मुलीने विचारलं, "द पाइप वन?" हो, तेच, पाइपवाले काका. त्याला आता सहा आठवडे झाले.

गुणाजीभाऊ मालवणकडचे. इथे आखातात, शुऐब्याच्या कारखान्यांत ठेक्यावर पाइपचं काम करत त्यांनी अठरा वर्षं काढली. फहाहीलला एका खोलीत सहा जण राहायचे, आणि बायको सुमतीवहिनी गावी. शुक्रवारी सकाळी हवल्लीच्या आमच्या घरी मी चार-पाच जणांना इंग्रजी शिकवायची. म्हणजे अर्ज कसा भरायचा, डॉक्टरला दुखणं कसं सांगायचं, एवढंच. बाकीचे एकेक करून गळाले, गुणाजीभाऊ टिकले. येताना जर्जीर या इथल्या पालेभाजीची जुडी आणायचे आणि "मुळ्याचो पालो समजान भाजी करा" असं बजावायचे. गेलं वर्षभर त्यांचं एकच पालुपद होतं, "यंदा चवथीक मी कायमचो घराक जातलंय." मी चिडवायची, "भाऊ, दर वर्षी गणपती आले की हेच म्हणता!" तर म्हणायचे, "नाय वैनी, आता खरा. सुमतीक सांगून ठेवलंय."

नव्या पाइपात पाणी भरून, दाब चढवून, कुठे गळत नाही ना हे बघायचं, हे त्यांचं काम. पंपवाला दाब वाढवतो, मापकाचा काटा चढत जातो आणि गुणाजीभाऊ कान देऊन उभे. "काटो सगळेच बगतत. पाइप काय सांगता ता ऐकूक होया. फुटूच्या आदी तो कुरकुरता." एकदा इंजिनीअर 'अजून चढव' म्हणत असताना यांनी हात वर करून पंप बंद करायला लावला. जोड उघडला तर आतली गॅस्केटची चकती चिरलेली! हा किस्सा मी दहादा तरी ऐकला असेन, आणि दर वेळी तो इंजिनीअर जरा अधिकच मूर्ख होत गेला.

अशाच एका शुक्रवारी त्यांनी फोन माझ्यापुढे ठेवला. पडद्यावर एक रेघ वर वर चढत होती आणि शेजारी आकडा वाढत होता... सव्वा, दीड, दोन. "वैनी, ह्या शब्दांचो अर्थ काय ओ?" मला शब्दाला शब्द शोधायचा भारी नाद. मल्टिप्लायर म्हणजे पट, लावलेल्या पैशाच्या किती पट मिळणार ते. कॅश आउट म्हणजे रेघ चढत असतानाच उतरून घेणं. क्रॅश म्हणजे रेघ तुटली. त्याआधी उतरला नाहीत तर लावलेलं सगळं गेलं. ऑटो कॅश आउट म्हणजे अमुक पटीला मला आपोआप उतरव, असं आधीच सांगून ठेवणं. "आणि ह्या हाउस एज?" मी म्हटलं, "खेळवणाऱ्याचा वाटा. एखादा डाव तुम्ही जिंकाल, पण खेळतच राहिलात तर शेवटी पारडं त्याच्याकडेच झुकणार." गुणाजीभाऊ खूश होऊन म्हणाले, "तुमी सांगलास काय डोक्यात लख्ख उजेड पडता." आणि मी हुरळले! इथे जुगाराला बंदी आहे हे दोघांनाही ठाऊक होतं. पण या माणसाला हे शब्द हवेत कशाला, हे विचारायचं मला सुचलं नाही.

महिन्याभराने ते म्हणाले, "ता ऑटो-बिटो माका नको. आमचो काटो चडता तशीच ही रेग चडता. खय थांबूचा ता माका बरोबर कळता." तिथे मी त्यांना अडवायला हवं होतं. कारण ते अर्थ सांगितले त्याच्या पुढच्याच आठवड्यात, शब्दांच्या हौसेपायी, मी आणखी वाचलं होतं. अशा खेळांत रेघ कुठे तुटायची, ते ती चढायला लागण्याआधीच ठरलेलं असतं. आधीच्या डावांचे आकडे खाली ओळीने दिसतात, त्यांचाही पुढच्या डावाशी काही संबंध नसतो. पाइप फुटण्याआधी कुरकुरतो. ती रेघ काही म्हणजे काही सांगत नाही. अठरा वर्षांत कमावलेला कान तिथे बिनकामाचा होता. हे मला कळलं, आणि त्यांना मी सांगितलं नाही. चहापाण्याचे पैसे लावत असतील, कशाला उगाच हिरमोड करायचा, असं मनाला समजावलं. खरं कारण वेगळं आहे. आम्ही कुटुंबवाले आणि ते 'बॅचलर', म्हणजे बायकामुलं गावी ठेवून एकटे राहणारे, यांच्यात इथे एक अंतर असतं. आम्ही पोहे देतो, अर्ज भरून देतो, पण तुमचं काय चाललंय म्हणून खोलात विचारत नाही. याला मी इतकी वर्षं सभ्यपणा समजत होते. तो भित्रेपणा होता.

उन्हाळ्याच्या तोंडाला ते म्हणाले, कंपनी सोडत नाही, अजून दोन वर्षं राहावं लागणार. मी विश्वास ठेवला. ते गेल्यावर सदानंदने खरं सांगितलं. कंपनी सोडायला तयार होती. गुणाजीभाऊंनीच आपण होऊन आणखी दोन वर्षांच्या करारावर सही केली. गावी न्यायची पुंजी त्या रेघेपायी संपली होती. "जरा भरून काडतंय आणि जातंय, म्हणा होतो," सदानंद म्हणाला. ती सही त्यांनी करायलाच नको होती... हे मी रोज स्वतःला सांगते.

उन्हाळ्यातल्या त्या बोलण्यानंतर मुलीच्या परीक्षा आल्या आणि मी लागोपाठ तीन शुक्रवार वर्ग बंद ठेवला. तिसऱ्या आठवड्यात ते गेले. सामान गावी धाडताना सदानंदने एक खिशातली डायरी मागे ठेवली आणि मला आणून दिली. तुमची शिकवणी आहे तिच्यात, म्हणाला. मी सांगितलेले सगळे अर्थ त्यांच्या गोल अक्षरांत होते, कुठे काना-मात्राही न चुकता. शेवटच्या पानावर लिहिलं होतं, 'शुक्रवारी वैनींका इचारूचा : रेग खय तुटतली ता आदीच ठरलेला असता काय?'

डायरी माझ्या टेबलाच्या खणात आहे. ती सुमतीवहिनींची आहे, त्यांना पाठवायला हवी. दोनदा पाकिटात घातली आणि दोनदा बाहेर काढली. त्या वाचतील, मग मला फोन करतील आणि विचारतील, "वैनी, ह्येचा उत्तर तुमका म्हायत होता?"